डावी मागची सळी

या ग्रुपवरचे अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं वाचतोय. खोटं कशाला बोलू, हसायलाच वाचतो. कुणी "पैंजणांचा आवाज आला" असं लिहिलं की खाली "उंदीर असेल", "पाइपात हवा अडकली असेल" अशी कमेंट टाकणारा एक खवचट माणूस तुम्हाला आठवत असेल... तो मीच. तेव्हा आज उट्टं काढायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे.

मी नागपुरात एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ध्वनी आणि तरंग हा माझा आवडता धडा. पहिल्याच तासाला नादकाटा टेबलावर ठोकून सांगतो, की आवाजाला दोन गोष्टी लागतातच: एक माध्यम आणि एक उगम. कुठेतरी, काहीतरी हललं पाहिजे. काही हललंच नाही तर तरंग येणार कुठून? पोरं माना डोलावतात, मी पुढे जातो. एकवीस वर्षं असंच चाललंय.

घर हुडकेश्वरला, बैठं. समोरच्या व्हरांड्यात सागवानी झुला आहे, स्लॅबच्या हुकांना चार लोखंडी सळ्यांनी टांगलेला. घरात मी, बायको सुनंदा, बारावीतली मुलगी जुई, आणि या फेब्रुवारीपर्यंत माझे बाबा.

बाबा रेल्वेत होते. गाडी यार्डात उभी राहिली की लांब दांड्याची हातोडी घेऊन एकेक चाक ठोकत जायचं, हे त्यांचं काम. चांगलं चाक ठणकन बोलतं, तडा गेलेलं बद्द वाजतं. उभी नोकरी लोखंडाच्या गोंगाटात गेली, आणि रिटायर होईतो कान जवळजवळ गेलेच. पण खोड गेली नाही. घरी एक छोटी हातोडी ठेवली होती. माठ, सिलिंडर, बाथरूमच्या टाइल्स, काही सुटायचं नाही. आमच्या गल्लीतला टरबूजवाला तर त्यांना पाहिलं की गाडी पुढे ढकलायचा.

रोज सकाळी चहा झाला की झुल्याच्या चार सळ्या. उजवी पुढची, उजवी मागची, डावी पुढची, डावी मागची... क्रम कधी चुकला नाही. एक तळवा सळीवर, दुसऱ्या हातानं ठोका, मग डोळे मिटून क्षणभर थांबायचं. ऐकू येत नव्हतं, पण हाताला कळायचं. चारही ठीक असल्या की शेवटी पाटावर दोन ठोके, टक टक. "हे दोन म्हंजे सही," ते जुईला सांगायचे. "ज्यानं तपासलं त्यानंच ठोकाचे. पुढं काही झालं त त्यालेच बोलावतेत." जुई याला आबांची हजेरी म्हणायची.

दिवाळीत घरी पाहुणे होते. व्हरांड्यात फराळ चालला होता आणि बाबा डाव्या मागच्या सळीपाशी अडले. पुन्हा ठोकली, पुन्हा थांबले.

"हे बोलून नाही राहिली बा," ते मला म्हणाले. "वेल्डरले दाखव एकदा."

मला चेव आला. मोबाइलवर आवाजाचा आलेख काढणारं अ‍ॅप होतं, पोरांना दाखवायला घेतलेलं. पाहुण्यांसमोर जरा पांडित्य मिरवावं म्हणून मी जुईला झुल्यावर बसवलं. चारही सळ्यांना ताण हवा, नाहीतर मोजमापाला अर्थ काय?

"अरे रिकामा वाजव गा!" बाबा म्हणाले. "पोट्टीले काहून बसवून राहिला?"

मी ऐकलं नाही. त्यांच्या हातून हातोडी घेतली, चारही ठोकल्या. आलेख चारही सारखे. मी मोबाइल त्यांच्यासमोर धरला आणि त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो,

"बाबा, सळी चांगली बोलून राहिली. तुमालेच ऐकू येत नाही, त्याले सळी काय करन?"

पाहुणे हसले. मीही हसलो. वर पाटावर दोन ठोके मीच मारले, टक टक. "घ्या. झाली सही."

त्याच दिवशी बाबांनी हातोडी आपल्या जुन्या मफलरात बांधली, गाठ मारली आणि माळ्यावर ठेवायला लावली. नंतर झुल्याला हात लावला नाही. जुईनं विचारलं तर म्हणाले, "तुया बापानं सही केली न आता." तीन महिन्यांनी ते गेले, दोन दिवसांच्या तापाचं निमित्त. तीन महिने आम्ही रोज समोरासमोर बसून जेवलो. माफी मागायला एक वाक्य पुरलं असतं, पण मला ते जमलं नाही.

आता ती दुपार. एप्रिलचा शेवट, पावणेतीनची वेळ. लाइट गेली होती, त्यामुळे कूलर बंद. गल्लीत चिटपाखरू नाही. मी पुढच्या खोलीत अकरावीचे पेपर तपासत होतो. दार उघडं होतं. बाहेर जुई कानात हेडफोन घालून, झुल्यावर आडवी पडून सीईटीचं लेक्चर ऐकत होती. सुनंदा आत झोपली होती.

ठण्ण.

मी मान वर केली नाही. इतकी वर्षं तो आवाज ऐकलाय की कान त्याची दखलच घेत नाहीत. ठण्ण, दुसरा. ठण्ण, तिसरा. चौथा आला तो बद्द, मातीवर काठी पडावी तसा.

मी लाल पेन हातात धरून नुसता बसलो. पुढच्या दोन ठोक्यांची वाट पाहत होतो. ते आले नाहीत... आणि मग एकदम भानावर आलो. ठोकतंय कोण?

"जुई!" मी ओरडत बाहेर गेलो. "हातोडी कोणी काढली?"

जुई तशीच आडवी होती. हातात मोबाइल, बाकी काही नाही. माझ्या तोंडाकडे पाहून तिनं हेडफोन काढले. "काय झालं बाबा?"

"आवाज आला काय तुले?"

"नाही." मग ती उठून बसली. "पण पाठीले चार झटके लागले न. आबा ठोकायचे तसेच." हे बोलल्यावर तिच्या लक्षात आलं असावं, कारण तिचे डोळे एकदम भरले. "मले वाटलं, मले झोप लागून राहिली..."

"उतर खाली," मी म्हणालो. "आधी उतर."

माळ्यावरून हातोडी काढली. मफलरावर धुळीचा थर होता, गाठ जशीच्या तशी. ती सोडली. रिकाम्या झुल्याच्या सळ्या बाबांच्या क्रमानं ठोकल्या. तीन ठण्ण. चौथी बद्द.

स्टुलावर चढून सळीच्या वरच्या वळणावरचा ऑइलपेंट खरवडला. तडा अर्ध्याहून जास्त आत गेला होता. खाली फरशी, पलीकडे दगडी पायरीची धार, आणि जुईचं डोकं रोज त्याच बाजूला. संध्याकाळी वेल्डर आला. त्यानं सळी दोन हातांनी वाकवली आणि ती काडीसारखी तुटली. "सर," तो एवढंच म्हणाला, "बच गए आप लोग." सुनंदानं जुईला जवळ ओढलं ते बराच वेळ सोडलंच नाही.

माझी दिवाळीतली चूक मला त्या रात्री कळली, आणि ती शुद्ध फिजिक्सची होती. रिकाम्या सळीत तड्याच्या दोन कडा एकमेकींना घासतात आणि आवाज खातात. जुईला बसवून मी ताण दिला, तडा उघडला, घासणं थांबलं, सळी छान वाजली. एवढं शिकलेल्या माणसानं दुखणं झाकून मग तपासणी केली होती. बाबांनी तर सांगितलंही होतं... रिकामा वाजव गा.

आता तुमच्या कमेंट मीच लिहून टाकतो. उन्हानं लोखंड ताणलं असेल? उन्हानं लोखंड कटकट वाजतं, क्रमानं ठणठणत नाही. शेजारी बांधकाम? त्या दिवशी नव्हतं, मी विचारून आलो. आणि कुणी खरंच ठोकलं असतं तरी जुई झुल्यावर होती, माझ्या नियमानं चौथीही ठण्णच वाजायला हवी होती. माझ्या मनाचा खेळ? हे मला सगळ्यात जास्त पटतं, मनात टोचणी होतीच. पण माझ्या मनातला ठोका जुईच्या पाठीला कसा लागला? तरंग सळीतून गेला, पाटात उतरला, तिच्यापर्यंत पोचला. माध्यम सापडलं. उगम नाही सापडला.

दुसऱ्या दिवशी नवी सळी बसली. मी चारही ठोकल्या, रिकाम्या. चारही बोलल्या. मग हातोडी हातात धरून तसाच उभा राहिलो.

"झालं काय जी?" सुनंदानं आतून विचारलं.

"सही राहिली," मी म्हणालो. माझा हात पाटाकडे जाईना. जुई आली, तिनं हातोडी माझ्याकडून घेतली आणि चारही सळ्या पहिल्यापासून पुन्हा ठोकल्या. प्रत्येक सळीवर तळवा ठेवून, डोळे मिटून, थांबून. मग पाटावर दोन ठोके.

टक टक.

मी व्हरांड्यातच बसलो आणि बाबा गेल्यानंतर पहिल्यांदा रडलो. त्या दुपारचा उगम मला अजून सापडलेला नाही. खाली "उंदीर असेल" लिहायचं असेल तर लिहा... मी उलट बोलणार नाही.