लिलाबाईच्या घरचं पहिलं रिचार्ज

पारोळ्याजवळच्या फाट्यावर ललितचं मोबाइलचं दुकान आहे. दिवाळीनंतरच्या पंधरवड्यात लिलाबाई आणि तिचा नवरा आधार त्या दुकानासमोर बराच वेळ उभे होते. आत जायचं की नाही, यावर नव्हे, आत जाऊन काय मागायचं यावर दोघांचं जमत नव्हतं.

त्यांच्या घरात तोवर फोन नव्हता. आधार धरणगावला कापसाच्या एका जिनिंगमध्ये हमाल, लिलाबाई मजुरीला जाणारी. काही निरोप असला तर शेजारच्या नवलच्या फोनवर यायचा. नवल बायकोमुलांसह सुरतला कामाला गेला आणि ती सोय तुटली. नेमकं त्याच वेळी त्यांची एकुलती एक मुलगी संघमित्रा कॉम्प्युटरचा कोर्स करायला धुळ्याला राहायला गेली.

संघमित्रा जन्मापासून बहिरी. त्यामुळे बोलणंही आलं नाही. जळगावच्या मूकबधिर शाळेत ती दहावीपर्यंत शिकली, लिहू-वाचू लागली. पण घरात तिची आणि आईची हातांची एक वेगळीच बोली होती, कोणत्याही शाळेत न शिकवलेली. कपाळावर बोट टेकवलं की बाबा, गालावर तळवा ठेवला की आई. भूक, ताप, राग, उद्या, परवा, सगळ्याला खूण होती. आधारला यातलं फारसं काही येत नसे. पोरीला काही सांगायचं तर तो बायकोला सांगे आणि ती हातांनी पुढे पोचवी.

संघमित्राला काकाच्या मुलाने, राकेशने, आपला जुना टच फोन दिला होता. प्रश्न घरच्या फोनचा होता.

ललितने समजावून सांगितलं. "साधा बटणाचा फोन घेतला तर स्वस्तात होतं, काका. रिचार्जही हलकं. बोलणं आणि मेसेज. नेट नाही. टच फोन घेतला तर रिचार्ज जड पडेल, पण रोजचं नेट मिळेल. समोरचा माणूस दिसतो त्याच्यात."

"मेसेज जातस ना साध्याम्हा?" आधारने विचारलं.

"जातात."

"मराठीमा?"

"मराठीतही."

"मंग बस. साधाच दे."

लिलाबाईने त्याला बाहेर ओढलं. "माले वाचता येत नही. मनी पोर हातवरी बोलस. माले ती दिसाले पाहिजे."

"तिना फोनमा नेट टाकनं पडी, कोर्सले लागस. दोन्ही फोनले कोठून टाकसू?"

"तुमनं काम व्हयनं. मनं काय?"

आधारने हात सोडवून घेतला. तो आत गेला आणि साधा फोन घेऊन आला. लिलाबाई घरापर्यंत त्याच्या दहा पावलं पुढे चालली.

फोन घरी ठेवायचा असं ठरलं. दिवसा तो लिलाबाईजवळ असे. संध्याकाळी आधार कामावरून आला, हातपाय धुतले की ओट्यावर बसून पोरीचे मेसेज वाचायचा, मग एकेक बटण दाबत उत्तर लिहायचा. लिलाबाई चुलीपाशी बसून विचारायची, काय म्हणते? तो म्हणायचा, बरी आहे. एवढा वेळ लिहून, वाचून शेवटी बाईच्या वाट्याला 'बरी आहे' एवढंच येत होतं.

मग तो शनिवार आला. संघमित्रा दुपारपर्यंत घरी येणार होती. लिलाबाई त्या दिवशी मजुरीला गेली नाही. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी थापत असताना फोन वाजल्यासारखा गुरगुरला. मेसेज. तिला अक्षरं वाचता येत नसली तरी पोरीच्या नावाचा आकार ओळखू येत होता. तो तिचाच होता. लिलाबाईला वाटलं, गाडीत बसली असेल.

पुन्हा गुरगुरला. लगेच तिसऱ्यांदा.

दिवसा असे लागोपाठ मेसेज कधी आले नव्हते. लिलाबाईने तवा उतरवला. फोन हातात धरून ती त्या ओळींकडे बघत राहिली. बघून बघून काय कळणार? न राहवून तिने हिरवं बटण दाबलं. ज्या पोरीला ऐकू येत नाही तिला फोन लावण्यात अर्थ नाही, हे तिलाही कळत होतं.

पलीकडून फोन उचलला गेला.

आधी नुसता गलका. कोणी तरी "पाणी आणा, पाणी" म्हणून ओरडत होतं. एक बाई मोठ्याने रडत होती. मागे ट्रकचा हॉर्न वाजत राहिला होता, थांबतच नव्हता. आणि त्या सगळ्यात, अगदी कानाजवळ, संघमित्राचा तो आवाज आला, शब्द नसलेला, घशातून फुटणारा. लहानपणी विंचू चावला तेव्हा ती असा आवाज काढत होती.

"बेटा! बेटा!" लिलाबाई ओरडली. फोन बंद झाला.

ती तशीच बाहेर पळाली. गल्लीत चिटपाखरू नव्हतं. कापूस वेचणीचे दिवस, घरंच्या घरं शेतात. शाळेकडे वळली तर शनिवारची सकाळची शाळा कधीच सुटून कुलूप लागलेलं. शाळेशेजारची म्हातारी सुनंदाबाई तेवढी दारात बसली होती, डोळ्यांवर हिरवी पट्टी, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं.

"अक्का, कोणी वाचणारं शे का व?"

"बठ्ठा वावरमा गयात, माय. काय व्हयनं?"

लिलाबाई थांबली नाही. फाट्याकडचा रस्ता धरला. पायात चप्पल नाही हे तिला खडी टोचायला लागल्यावर समजलं. फोन तिने मुठीत इतका घट्ट धरला होता की मधेच बटण दाबलं जाऊन मेसेज पुसले गेले तर, अशी भीती वाटून तिने तो पदराच्या टोकात बांधला. जगात काय झालं ते त्या पदरात होतं आणि तिला ते कळत नव्हतं. तिला नवऱ्याचा राग येत होता. मग स्वतःचा येऊ लागला. मग तोही राहिला नाही, फक्त तो आवाज कानात राहिला.

ललित दुकानात एका गिऱ्हाइकाला कव्हर दाखवत होता. लिलाबाईने गाठ सोडून फोन त्याच्या पुढ्यात ठेवला. "वाच ना भाऊ, काय लिखेल शे?"

ललितने तिन्ही मेसेज आधी मनातच वाचले.

"वाच!"

"पहिला आहे, 'बाबा, जीप उलटली. मी बाहेर निघाली.' दुसरा..." तो अडखळला. "'आईला आत्ता सांगू नका. ती घाबरेल.' तिसरा, 'बाबा लवकर या.'"

लिलाबाई दुकानाच्या पायरीवर बसली. फोन दिवसा घरी असतो हे विसरून पोरीने ज्याला हाक मारली तो तिकडे धरणगावला कापसाच्या गाठी उचलत होता, आणि ते सगळं जिच्यापासून लपवायचं होतं तिच्याच हातात पडलं होतं.

"माले ती दाखाड," ती म्हणाली. "तुना फोनमा दिसस ना? दाखाड."

ललितने तो नंबर घेऊन आपल्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावला. बराच वेळ कोणी उचलेना. मग पडदा हलला. आधी आभाळ, मग कुणाचा तरी शर्ट, आणि मग संघमित्राचा चेहरा. भुवईवर रक्त वाळलेलं. एक माणूस तिला उजव्या दंडाला धरून दुसऱ्या गाडीकडे ओढत होता आणि ती पाय रोवून किंचाळत होती. आजूबाजूचे लोक म्हणत होते, घाबरून भ्रमिष्ट झालीय, उचलून टाका.

आईला बघताच ती थांबली. फोन डाव्या हातात होता. उजवा हात लोंबत होता. तिने हनुवटीने उजव्या खांद्याकडे दाखवलं. नेहमीच्या बऱ्याच खुणांना दोन हात लागत. तिच्याकडे एकही मोकळा नव्हता.

लिलाबाईने हातांनी विचारलं, डोकं? पोरीने मान हलवली, नाही. पोट? नाही. हात? डोळे घट्ट मिटून तिने मान खाली केली.

"ओ भाऊ!" लिलाबाई फोनवर इतक्या जोरात ओरडली की गिऱ्हाईक दचकलं. "तो हात सोडा! तिना हात मोडेल शे! ओढू नका! तिले ऐकू येत नही, ती येडी नही शे!"

पलीकडचा माणूस फोनकडे बघत राहिला. मग त्याने हळूच हात सोडला.

"तिले माले देखू द्या. मी सांगस तिले."

लिलाबाईने हातांनी सांगितलं: ही चांगली माणसं आहेत. गाडीत बस. हात पोटाशी धर. मी येते. मग त्या माणसाला सांगितलं, डाव्या बाजूने धरा. कोणी तरी ओढणी सोडून तो हात गळ्यात बांधला. संघमित्रा गाडीत चढेपर्यंत लिलाबाई पडद्यासमोर हात हलवत राहिली. खूण एकही चुकली नाही.

ललितने जिनिंगच्या ऑफिसात फोन करून आधारला निरोप दिला आणि लिलाबाईला मोटरसायकलवर बसवून पारोळ्याच्या दवाखान्यात पोचवलं.

आधार आला तेव्हा पोरीच्या हाताला प्लास्टर चढलं होतं. अंगावर रुईचे तंतू तसेच. तो खाटेजवळ उभा राहिला, खिशातून पेन काढलं, मग तिच्या उजव्या हाताकडे बघून परत ठेवलं. बापाला पोरीशी बोलायला लिहिणं ही एकच वाट होती आणि ती प्लास्टरमध्ये बंद झाली होती.

बाहेरच्या बाकावर लिलाबाई त्याच्यावर बरसली. "तुम्ही तो डबडा फोन घिदा. मी रस्तावर पळू राह्यंथू, हातमा कागद धरेल आंधळी बाईसारखी."

आधारने सगळं ऐकून घेतलं. मग खाली बघत म्हणाला, "एकोणीस वरीसमा तिनी माले पहिल्यांदा बाबा म्हनं. त्या फोनमा. तुनामार्फत नही, सिध्धं माले. टच फोन ऱ्हाता तर ती तुनासंगेच बोलती. माले ते बाबा म्हननं सोडवे ना."

रोज संध्याकाळी ओट्यावर पाठमोरा बसलेला तो माणूस लिलाबाईला आठवला आणि आपण त्याला काय काय म्हणालो तेही. राग गेला नव्हता, पण त्याची धार गेली होती.

आत जाताना त्याने तिला थांबवलं. "दुखस का, हाई हातवरी कसं सांगतस?"

तिने खूण दाखवली. त्याने दोनदा करून पाहिली, आत जाऊन पोरीसमोर केली. बोटं चुकीची वळली. संघमित्राने डाव्या हाताने त्याची बोटं धरून सरळ केली आणि मग मान हलवली, हो, दुखतं.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा ललितच्या दुकानात गेले, तिघं. या वेळी बाहेर थांबून भांडण झालं नाही. जुना वापरलेला एक टच फोन घेतला आणि नेटचं लांब मुदतीचं रिचार्ज. त्यापायी आधारने तंबाखू सोडायचं कबूल केलं. तो शब्द त्याने अर्धाच पाळला. साधा फोन त्याने विकू दिला नाही, जिनिंगला जाताना खिशात ठेवतो.

हात बरा व्हायला उन्हाळा उजाडला. संघमित्रा आता धुळ्यात एका छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका मांडते. जीपमध्ये बसत नाही, एसटीची वाट बघते. घरच्या दोन्ही फोनचं रिचार्ज संपायच्या आधी तीच करते, आणि केल्यावर दोघांना वेगवेगळं कळवते: बाबाला लिहून, आईला हातांनी.