तीस वर्षं मुरलेला चहा

पावसाळ्यात बंद कपाट उघडलं की त्या कुबट वासाने मला तो चिनी ऊलाँग चहा आठवतो. न्हावा शेवा बंदरात नोकरी करणाऱ्या मेहुण्यांना भेट मिळालेला, तीस वर्षं मुरवलेला, जेमतेम एका किटलीपुरता. तो घेऊन ते आमच्याकडे आले. “दादा, एक्सपायरी बघितलीस ना?” बायकोने विचारलं. मेहुण्यांनी पानं धुतलेलं पहिलं पाणी रीतीप्रमाणे सिंकमध्ये ओतलं. माझा जीव हळहळला. दुसऱ्या पाण्याला खारकेची चव आली. “खरी मजा तिसऱ्या पाण्याला,” ते म्हणाले. मी पाणी मोजून उकळून आणलं, तर किटली घासून पालथी. “चोथा ना? गुलाबाला घातला!” बायको म्हणाली. मेहुणे चमचा घेऊन बाल्कनीत धावले. अजूनही साध्या चहाची गाळणी झटकण्याआधी बायको विचारते, “टाकू, की अजून मुरायचाय?”