डावखुऱ्याची हवापेटी

फेब्रुवारी २००३, रविवार सकाळ. शेडमध्ये हजर: मी, माझे मिस्टर, चाचा, म्हणजे महाडात ट्रकचा धंदा असलेल्या घरातले वडील, आणि त्यांचा थोरला मुलगा, दुबईहून सुट्टीवर आलेला. गैरहजर: धाकटा मुलगा. गाडी त्याची होती.

कामं ठरलेली होती. पेट्रोलची नळी बसवणं, हवेची पेटी तपासणं, मग इंजिन चालू करून बघणं. मी ती कागदावर लिहून कागद कंप्रेसरच्या टाकीला चिकटवला होता.

आमचं शेड औद्योगिक वसाहतीच्या रस्त्याला. कामं सगळी कारखान्यांची: स्टीलच्या टाक्या, पाइप, बेंड. मिस्टर आरगॉन वेल्डिंग करायचे. मापं, खरेदी आणि कोणतं काम कधी द्यायचं हे माझ्याकडे. मोटारीला आम्ही कधी हात लावला नव्हता. तो नाद धाकट्याने आणला. आठवडाभर तो बापाचा ट्रक चालवायचा आणि रविवारी आमच्याकडे वेल्डिंग शिकायला यायचा. एक जुनी चौकोनी मोटार त्याने कुठूनशी उचलली होती, आणि भावाकडून सुपरचार्जर मागवला होता. सुपरचार्जर म्हणजे इंजिनात जबरदस्तीने हवा कोंबणारा पंखा. हवा जास्त गेली की पेट्रोलही जास्त लागतं, म्हणून पेट्रोल पोचवणारी नळी मोठी हवी. पंखा आणि इंजिन यांच्यामध्ये हवा साठवणारी पेटीही हवी. दोन्ही बाजारात मिळत नाहीत. त्या गाडीच्या मापाने हाताने बनवाव्या लागतात.

पेटी त्याने स्वतः केली. आधी पुठ्ठ्याची, मग ॲल्युमिनियमच्या पत्र्याची. तो डावखुरा होता. वेल्डिंगच्या रेघेवर माशाच्या खवल्यांसारखे थर पडतात. मिस्टरांचे खवले एकीकडे झुकतात, त्याचे उलट्या बाजूला. शेडमधला कुठलाही तुकडा उचलून कोणाचा हात फिरलाय ते मी सांगायचे.

नळीचं काम सुरू व्हायच्या आधी पावसाळा आला आणि कशेडी घाटात त्याचा ट्रक त्याच्यासकट दरीत गेला.

त्यानंतर मिस्टर टेबलाच्या डाव्या टोकाला, तो उभा राहायचा तिथे, काही ठेवेनात. पक्कड, हातमोजे, चहाचा कप, सगळी गर्दी उजवीकडे. मी एकदा तिथे पाइपचे तुकडे मांडले, तर संध्याकाळपर्यंत ते जमिनीवर गेलेले. मी स्वतः आठवड्याची कामं लिहिताना रविवारपुढे ‘पेटी’ लिहून टाकायचे आणि मग खोडायचे.

थोरला सुट्टीवर आला तो थेट शेडमध्येच. म्हणाला, “वहिनी, गाडी पुरी करायची. जायच्या आधी अब्बांना तिच्यातनं पोलादपूरला न्यायचंय.” पावसाळ्यापासून चाचा घाटाकडच्या त्या रस्त्याला गेले नव्हते. पण या गाडीतून जाईन म्हणाले होते. पोराच्या हातची हाय, म्हणून.

तर त्या रविवारी आधी नळी. ती आम्ही केली होती, ॲल्युमिनियमची जाड दांडी लेथवर आतून पोखरून. दाब देऊन पाहिली, थेंब आला नाही. कागदावर खूण केली.

मग पेटी. तिची तोंडं रबर लावून बंद केली, एका बाजूने कंप्रेसरची हवा सोडली आणि मिस्टरांनी सगळ्या सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी फिरवलं. पुढच्या कोपऱ्यापाशी फेस हलला. आधी एक बुडबुडा आला, मग त्याच्या शेजारून बारीक रांग निघाली. फुगायची, फुटायची, पुन्हा फुगायची.

“लीक हाय,” थोरला म्हणाला.

“लीक नाय,” चाचा म्हणाले. “दम घेतोय तो.”

तेवढ्यात टाकी भरून कंप्रेसर आपोआप बंद पडला. शेडमध्ये फक्त निसटत्या हवेचा तो आवाज राहिला, झोपलेल्या माणसाच्या उशाशी बसल्यावर येतो तसा. चाचांनी कोपऱ्यावर तळहात ठेवला. बोटांमधून फेस वर आला. त्यांनी हात काढला नाही.

मिस्टरांनी बॅटरी धरून रेघ नीट पाहिली. “स्टीलवर वापरलेल्या तारेच्या ब्रशने घासलंय त्यानं,” ते हळू म्हणाले. ॲल्युमिनियमला कोरा ब्रश लागतो. आमच्याकडे सगळं स्टीलचंच काम, त्यामुळे समोर पडलेला ब्रश त्याने उचलला. त्या घाणीने वरून रेघ सुंदर आली होती आणि आतून चाळणी झाली होती.

“वरनं अजून एक थर मार ना,” चाचा म्हणाले.

“घाण आतच राहते, चाचा. रेघ पूर्ण कापून काढायला लागेल.”

“कापायची नाय.”

कोणीतरी बोलायला हवं होतं म्हणून मी बोलले. “चाचा, दाबाने ही फाटली तर पेट्रोलची नळी अगदी शेजारून जाते. गाडी पेटेल.”

“माझ्या पोरानं केलीय, बाय. फाटायची नाय.”

“अब्बा,” थोरला म्हणाला, “त्यानं माझी सायकल दुरुस्त केली होती, आठवतंय? उतारावर चेन उतरली. तर मलाच म्हणतो, तू वजन कमी कर.”

चाचांना हसू आलं. “तुझं वजन तेव्हापण लय होतं.”

“आतापण हाय. आणि ह्या गाडीत चालवायला मीच बसणार हाय. मी पण तुमचंच पोर ना?”

चाचा त्याच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हात काढला आणि लेंग्याला पुसला. “मिस्त्री, दुसरी बनव,” ते मिस्टरांना म्हणाले. “पण हिला ग्राइंडर लावायचा नाय.”

नवी पेटी मिस्टरांनी त्याच आठवड्यात केली. पुठ्ठ्याचे नमुने धाकट्याचेच वापरले. कोरा ब्रश मी महाडच्या बाजारातून आणला. साबणाचं पाणी लावलं, फेस जागचा हलला नाही. मिस्टरांनी हवा बंद केली आणि बाहेर जाऊन तोंड धुतलं.

पोलादपूरला गेलो तेव्हा मी मागे बसले, पायाशी वाळूची बादली आणि पान्यांची पिशवी घेऊन. गाडी छान ओढत होती. थोरल्याने जोर दिला की पुढून सुपरचार्जरची बारीक किंकाळी यायची आणि पाठ सीटला टेकायची. चाचा पुढे बसून रस्त्याकडे नाही, बॉनेटकडे बघत होते. पोलादपूरच्या पुढे घाटाचा रस्ता दिसायला लागला तसे म्हणाले, “इथनं फिरव.” स्टँडसमोर चहा घेतला. चाचांनी बशीत चहा ओतला आणि तो निवेपर्यंत तोंडाला लावला नाही.

“गाडी झकास हाय,” ते म्हणाले. “पण ह्यात तो नाय.”

थोरला पैसे द्यायला उठला.

तो दुबईला गेल्यावर चाचा आमच्याकडे आले. गाडी शेडच्या मागे ताडपत्रीखाली उभी होती, कारण त्यांच्या दारात ती त्यांच्या बायकोला बघवत नव्हती. म्हणाले, “जुनी पेटी बसवून दे. चालवायची नाय कोणी. उभीच राहू दे. पण त्याची पेटी तिच्या पोटात पायजे.”

“आणि थोरल्याने येऊन चावी मारली तर?” मी विचारलं.

“बॅटरी काढ. पेट्रोल काढ. मग कशी पेटते?”

यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. तरी मी बूथवरून थोरल्याला फोन लावला. चाचांचं मागणं सांगितलं. मग तो म्हणाला, “वहिनी, बसवू नका. सुट्टीत आलो की अब्बा गाडीच्या एवढ्या एकाच बहाण्यानं माझ्यासोबत बाहेर पडतील.” आणि फोन ठेवता ठेवता, “मी नाय म्हटलं ते त्यांना सांगू नका.”

मी सांगितलं नाही. थोरला दर वर्षी सुट्टीवर येतो, चाचांना पोलादपूरपर्यंत फिरवून आणतो, परत जातो. तो गेला की चाचा शेडमध्ये येतात, जुनी पेटी मागतात, साबणाचं पाणी मागतात. मिस्टर हवा सोडून देतात आणि बाहेर जाऊन उभे राहतात. हिशेब लिहिताना मला तो आवाज ऐकू येतो. आता चाचा शेडमध्ये नसतानाही कधी कधी येतो. मी उठून कंप्रेसरचा कॉक बघते. बंद असतो.

जाताना चाचा एकच विचारतात, “बाय, कधी बसवतेस?”

“गॅस्केट यायचंय, चाचा.”

सांध्यात घालायचं ते पातळ गॅस्केट मी कधीच कापून ठेवलंय. बोल्टना तेल लावलंय, लागणारा पाना गाडीच्या पुढच्या सीटवर आहे. नवी पेटी उतरवून जुनी चढवायची, एवढंच. अर्ध्या दिवसाचंही काम नाही. दर सोमवारी नवा कागद करताना ते मी सगळ्यात खाली लिहिते, आणि तसंच पुढच्या कागदावर उतरवून घेते.