बोटीत बसणाऱ्या गाडीची पूजा

मुलीकडे जर्मनीत येऊन दत्ता सोनटक्क्यांना अडीच महिने झाले, आणि एवढ्या काळात त्यांच्यावर विश्वासाने सोपवलेलं पहिलं काम म्हणजे गाडी धुणं.

जावई मयुरेश अमेरिकेच्या लष्करात. आठ वर्षांचा असताना आईबापांबरोबर न्यू जर्सीला गेला आणि पुढे तिकडचाच झाला. लष्करातलं त्याचं खातंही सामान हलवायचं, चमच्यापासून रणगाड्यापर्यंत. आता त्याचीच बदली काइझर्सलाउटर्नजवळच्या तळावरून टेक्सासला झाली, तर स्वतःचं बिऱ्हाड हलवायच्या नेमक्या पंधरवड्यात त्याला सरावासाठी पोलंडला धाडलं. म्हणजे बिऱ्हाड हलवायचं नीलिमाने. तिच्या वहीत कामांची चार पानं भरली होती. ‘आम्ही गाव सोडतोय’ अशी राटहाउसात, म्हणजे नगरपालिकेत, वर्दी, लसींचे कागद, नात इराच्या शाळेचा दाखला, इंटरनेट बंद करा असं पत्र, ते पत्र पोचल्याचं पत्र.

सोनटक्के प्रत्येक कामाला “मी जातो की,” म्हणत उठत आणि पुन्हा बसत. भाषा येत नाही, गाडी चालवावी तर इथलं लायसन नाही. एकदा रिकाम्या बाटल्या टाकायला पाठवलं, तर दुपारच्या शांततेच्या वेळात त्यांनी बारा बाटल्या खळ्ळकन लोखंडी डब्यात सोडल्या. वरच्या मजल्यावरच्या आजी खिडकीतून जे काही बोलल्या, त्याचं भाषांतर नीलिमाने आजतागायत केलेलं नाही.

गाडी मात्र त्यांच्या हातातली गोष्ट. चौतीस वर्षं एसटीच्या दापोडीच्या वर्कशॉपात काढलेली.

“बाबा, नीट ऐका,” नीलिमा म्हणाली. “गाडी बोटीने जाणार. मातीचा कण, गवताची काडी, एखादं बी, काही म्हणजे काही दिसता कामा नये. दिसलं की परत. गुरुवारी एक वाजता तपासणीची टेर्मिन, वेळ ठरलेली आहे. साडेतीनला बंद. पुढची वेळ थेट बुधवारची, आणि आपलं विमान रविवारी. गुरुवार चुकला तर गाडी इथे आणि आम्ही तिथे. तिथे दूध आणायलासुद्धा गाडी लागते.”

“अगं, घाटातून आलेले लाल डबे धुतलेत मी. ही तर बाहुली आहे!”

पहिल्या दिवशी बादली घेऊन ते अंगणात उतरले आणि शेजाऱ्याने हातवारे करून सांगितलं की घरी गाडी धुणं मना आहे. मग नाणी टाकून पाणी मारायच्या ठिकाणी नीलिमा त्यांना रोज सोडू लागली. चार दिवस सोनटक्के टूथब्रश आणि कान साफ करायच्या काड्या घेऊन गाडीच्या पोटाखाली होते. चाकाच्या कमानीत बोट फिरवून ते इराला दाखवत. सहा वर्षांच्या इराला मराठी सगळं समजे, उत्तर जर्मनमध्ये येई. “झाउबर, ओपा,” ती म्हणे. स्वच्छ आहे, आजोबा.

गुरुवारी सकाळी पुण्याहून बायकोचा, विभावरीबाईंचा, फोन आला.

“अहो, गाडी समुद्र ओलांडणार ना? पूजा केलीत का?”

“अगं, इथे कुठे...”

“कुठे म्हणजे? खंडेनवमीला अख्ख्या वर्कशॉपाच्या पान्यांना हळदकुंकू लावायचात, आणि लेकीची गाडी तशीच पाठवताय?”

मुद्दा बिनतोड होता. नीलिमा आंघोळीला गेली होती. सोनटक्क्यांनी किल्ली उचलली. गाडीला कुंकवाचं बोट लावलं, नारळ नुसताच ओवाळला, कारण जर्मनीत रस्त्यावर नारळ फोडल्यास काय होतं हे त्यांना माहीत नव्हतं आणि करून पाहायचं धाडस नव्हतं. मग मनापासून अक्षता वाहिल्या. टपावर, बॉनेटवर आणि दार उघडून आत स्टीअरिंगच्या पुढेही, कारण संकट काही बाहेरूनच येतं असं नाही. नंतर फडक्याने सगळं पुसलं, दिसलेले सगळे दाणे वेचले आणि निश्चिंत मनाने गाडीत बसले.

तपासणीच्या यार्डात फ्राऊ ड्रेक्सलर नावाच्या बाई होत्या. आखूड पांढरे केस, हातात बॅटरी आणि दांडीला लावलेला आरसा. त्यांनी चाकं पाहिली, गाडीखाली आरसा फिरवला, डिकीचा गालिचा उचलला. “पेर्फेक्ट,” त्या म्हणाल्या आणि नीलिमाला विचारलं, “कुठल्या कंपनीकडून धुतलीत?”

“माझ्या बाबांनी धुतली.”

ड्रेक्सलरबाईंनी सोनटक्क्यांकडे पाहून मान लववली. सोनटक्के दोन इंच उंच झाले.

आता फक्त दिवे आणि बटणं चालतात का ते बघायचं राहिलं होतं. बाई आत बसल्या. दिवे लावले, वायपर फिरवला आणि काचेवरचा पंखा पूर्ण सोडला.

काचेखालच्या फटीतून भुर्रकन लाल अक्षता उडाल्या आणि थेट ड्रेक्सलरबाईंच्या डोक्यावर पडल्या. मंगलाष्टकं तेवढी राहिली.

“वास इस्ट दास?” हे काय, म्हणत बाईंनी केसातला दाणा चिमटीत धरला.

कोणी काही बोलायच्या आत इरा पुढे झाली. “राइस! ओपा हाट दास आउटो गेफ्यूटर्ट.” तांदूळ आहे, आजोबांनी गाडीला जेवू घातलं.

“बाबा?” नीलिमा म्हणाली.

“तुझी आई म्हणाली...” सोनटक्के म्हणाले.

तांदूळ म्हणजे धान्य, धान्य म्हणजे बी. बाईंनी कागदावर फुली मारली. यार्डात साफ करायला परवानगी नव्हती. मंडळी पेट्रोलपंपावर धावली, फटीला व्हॅक्यूम लावला. परत आले, पंखा सोडला, दोन दाणे उडाले. पुन्हा पंप. पुन्हा पंखा. एक दाणा. वरची जाळी काढली असती तर पाच मिनिटांचं काम होतं, पण पाने-पेचकस सोमवारीच पॅकर्सनी खोक्यात बंद करून नेले होते. ज्या माणसाने आयुष्यभर बंद पडलेल्या गाड्या उघडल्या, तो केसातल्या पिनेने फट कोरत बसला. तीन वीसला त्यांना वाटलं, आता झालं. पंखा सोडला. कुठून कोण जाणे, एकच दाणा उडाला आणि काचेला चिकटून राहिला.

“एस गेट निष्ट,” ड्रेक्सलरबाई म्हणाल्या. नाही हो जमत. त्यांनाच रडू येईल असा त्यांचा चेहरा झाला होता. त्यांनी तो दाणा काढून सोनटक्क्यांच्या तळहातावर ठेवला आणि फाटक बंद केलं.

परतताना नीलिमा नुसती समोर बघून गाडी चालवत राहिली. ओरडली असती तर बरं, असं सोनटक्क्यांना सारखं वाटत होतं. ओरडण्याला निदान खाली मान घालून उत्तर देता येतं.

ते उणं विभावरीबाईंनी फोनवर भरून काढलं. “चिमूटभर अक्षता म्हणतात, चिमूटभर! वाटी उपडी करायला कोणी सांगितली होती?”

पोलंडहून मयुरेश म्हणाला, “बाबा, इट्स ओके. माझा फ्रेंड बुधवारी गाडी नेईल. फक्त त्याला मुखत्यारपत्र द्यावं लागेल, नीलिमा, उद्याच.” नीलिमाने वही उघडून शेवटच्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहिली.

“मी उद्या पुन्हा धुतो,” सोनटक्के म्हणाले. “कुठून तरी पाना आणू, जाळी काढतो...”

“नको, बाबा. एक कंपनी आहे, ती करेल.” ती हे अगदी हळू आवाजात म्हणाली.

सोनटक्के रिकाम्या दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभे राहिले. खुर्च्या गेल्या होत्या. कुठे उभं राहिलं तर कोणाच्या वाटेत येणार नाही, याचा ते अंदाज घेत होते. इराने येऊन त्यांचं बोट धरलं.

“बाबा,” आतून हाक आली, “जरा इकडे या. या बॅगेवर बसा.”

ते गेले. बॅग फुगून तोंड वासून पडली होती. ते बसले.

“अजून मागे सरका.”

सरकले. नीलिमा गुडघ्यांवर बसून चेन ओढू लागली. चेन कोपऱ्यावर अडली. “इरा, तूही बस आजोबांच्या मांडीवर. गेनाऊ, अशीच.” चेन कुरकुरली, हलली आणि लागली.

“उठू का?” सोनटक्क्यांनी विचारलं.

“बसा, बाबा,” नीलिमा कपाळाचा घाम पुसत म्हणाली. “अजून दोन आहेत.”