गाडी नवी, सीट जुनी

बाळांनो, पोलिसातल्या नोकरीतल्या बहुतेक केसेस फायलींबरोबर मिटल्या. ही एक मात्र अजून अंगावर येते.

रामटेक रस्त्यावर एका व्यापाऱ्याच्या महागड्या स्पोर्ट्‌स कारने सायकलस्वाराला उडवलं. तो जागीच गेला. व्यापाऱ्याचा ड्रायव्हर स्वतःहून ठाण्यात आला आणि "मीच चालवत होतो" असा जबाब दिला. सदोष मनुष्यवधाचा गुन्हा दाखल झाला. ड्रायव्हर कोठडीत गेला. तपासणीनंतर चेंदामेंदा झालेली गाडी सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्टाला हमी लिहून देऊन, मालकाला परत मिळाली. ड्रायव्हरची बायको ठाण्याच्या पायरीवर येऊन बसे. "त्याईले सोडा ना, म्याडम," एवढंच म्हणे.

ती गाडी कळमन्याच्या एका गॅरेजात पुन्हा उभी राहत होती. एक दिवस तिथल्या मिस्त्रीचा फोन आला.

"म्याडम, या गाडीत कोनीतरी बसते. मानसं हात लावाले तयार नाही."

हवालदार हसले. "भुताचा एफआयआर कोण लिहील, मॅडम?"

मी मात्र गेले. भर दुपार होती. गाडीचं नाक दुसऱ्या मोडक्या गाडीचं, छत नवं, डावं दार अजून बसायचं होतं. जुनं उरलं होतं ते ड्रायव्हरची सीट आणि उजव्या दारावरचा आरसा. मिस्त्रीने बॅटरी जोडली, सीट मागे सारली, किल्लीवरचं बटण दाबलं. रिकामी सीट घरघरत पुढे आली, पार स्टिअरिंगपर्यंत. मग आरसा हळूच खाली वळला, कुणाचा तरी चेहरा शोधल्यासारखा.

"पाहा, बसला!" मिस्त्रीने हात जोडले.

अशा सीटच्या यंत्रणेत शेवटच्या चालकाची बैठक नोंदलेली राहते, हे मला ठाऊक होतं. तरी काटा आला. कोठडीतला ड्रायव्हर चांगला ताडमाड होता.

दुसऱ्या दिवशी मालकालाही गॅरेजात बोलावलं आणि पंचांसमक्ष ड्रायव्हरला त्या सीटवर बसवलं. गुडघे स्टिअरिंगला अडले.

"असाच चालवत होतास?"

तो रडू लागला. "माह्या बापानंबी याईच्याच घरी गाडी चालवली, म्याडम. नाही कसं म्हनू?"

मी ठेंगण्या मालकाकडे वळले. "आता तुम्ही, सेठ."

तो बसला. सीट बेतल्यासारखी बसली. आरसा थेट त्याच्या डोळ्यांसमोर. त्याने पाहिलं आणि चेहरा झाकून घेतला.

"मॅडम, तो सायकलवाला मागे पडलेला दिसून राहिला अजून."

आरशात गॅरेजची कोरी भिंत होती.

सेठने कबुली दिली, ड्रायव्हर सुटला. तेव्हापासून कबुली कितीही सरळ आली, तरी त्या माणसाला आधी घटनेच्या जागी नेऊन बसवायचं, हा मी नियमच केला.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही नवी गाडी दाखवलीत. सीट आपोआप सरकली आणि तुम्ही हसलात. मी मात्र आधी आरशाकडे पाहिलं.