गादीवर आधी मी निजीन

"उठ! आधी ऊठ तिथून!"

मी गादीवर आडवा पडलेला. डोळे मिटलेले. उघडले त समोर सर उभे. तोंडाले मास्क, हातात रबरी मोजे, पाठीवर फवारणीचा पंप. कपाशीवर औषध मारतात तोच पंप, त्यात ब्लिचिंगचं पाणी भरलेलं. मी कोपरावर उठतच होतो, तेवढ्यात त्याईनं दांडा हलवला अन् नळी माह्यावर धरली. तोंडावर, छातीवर, पायावर. डोळ्यात गेलं. नुसती आग झाली.

"आमच्या गादीवर झोपतोस? तुमच्याच लोकांनी आणलाय हा रोग गावात. लाज नाही वाटत?"

वरच्या गॅलरीतून मॅडम ओरडल्या, "अहो, गादी भिजेल ना!"

तवा पंप थांबला. गादीसाठी थांबला, माह्यासाठी नाही. अन् मी काय केलं? मी हात जोडले. अंगावरून पाणी गळून राहिलं होतं, डोळे उघडत नव्हते, अन् मी म्हणलो, "सॉरी सर." पंप त्यानं मारला अन् माफी मी मागितली. आजही हे सांगताना मले त्याच्यापेक्षा माहाच जास्त राग येते.

मी पिंजारी. कापूस पिंजाचा, गाद्या भराच्या, टाके माराचे, हा आमचा धंदा. अब्बा अचलपूरचे. खांद्यावर धुनकी घेऊन खेडोपाडी फिरत. दारात बसून कापूस पिंजून देत. मंग मशीन आली अन् आमी अमरावतीत दुकान टाकलं. बाहेर मी कापूस पिंजतो, आत माही बायको रुखसाना खोळी शिवते. पण एक पद्धत अब्बाईनं सोडली नाही अन् मलेही सोडू देली नाही. गादी भरून झाली, टाके पडले, का भरणाऱ्यानं स्वतः तिच्यावर निजाचं. पहिले पाठीवर, मंग दोन्ही कुशीवर, अंग ढिलं सोडून. कापसातली गाठ हाताले समजत नाही. हाताले सगळं मऊच लागते, पाठीले टोचते तवा कळते. गाठ लागली का तिथला टाका तोडाचा, कापूस काढाचा, पुन्हा पिंजाचा. जुन्या गिऱ्हाइकाईले हे माहीत होतं. "चाचा निजले काय? मंग आणा गादी घरात," असं म्हणत. अचलपूरकडे एका पाटलाच्या घरची म्हातारी त अब्बाले उशी आणून देत जाय. "निजा बाप्पा नीट, माह्या नातवाच्या लग्नाची गादी आहे," म्हणे.

सरच्या अंगणात मी तेच केलं होतं. लॉकडाऊन जरासं ढिलं झालं होतं, तीन महिन्यात मिळालेलं ते पहिलं काम होतं. सर म्हणजे क्लासवाले सर. डॉक्टर-इंजिनिअर व्हाले येणाऱ्या पोराईचा क्लास अन् त्याईचंच हॉस्टेल. आमची सगळी गल्ली त्या पोराईवर चालत होती. मेसवाल्या बाया, झेरॉक्सवाले, जुनी पुस्तकं विकणारे, ऑटोवाले, पोहेवाला, अन् आमी गादीवाले. दर वर्षी जूनमध्ये अकोला, बुलढाणा, यवतमाळकडून पोरं येत. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात बाप. उतरले का पहिले गादी घेत, मंग मेस पाहत. त्या वर्षी कोणीच आलं नाही. खोल्यांवर "भाड्याने देणे आहे" अशा पाट्या लागल्या. मेसवाल्या काकूनं वरण-भाताचे मोठाले गंज भंगारात देले. ऑटोवाला रमेश भाजी विकाले लागला.

मी संत्र्याची गाडी लावली. कॉलनीत गेलो त गॅलरीतून बाया विचारत, "नाव काय रे तुझं?" पहिल्या दिवशी खरं सांगितलं. एकही संत्रं खपलं नाही. दुसऱ्या दिवशी म्हणलो, "राजू." गाडी दुपारपर्यंत रिकामी झाली. घरी येऊन हात धुतले, पुन्हा धुतले. रुखसानानं विचारलं, "काय झालं?" म्हणलो, "ऊन लागलं."

मंग हळूहळू गाद्यांचं काम येऊ लागलं, पण माह्या अंगात काहीतरी बिघडलं होतं. गादी पूर्ण झाली का मी तिच्या बाजूले नुसता उभा राहो. हातानं दाबून पाहो. निजत नव्हतो. गिऱ्हाइकासमोर नाही, ते समजण्यासारखं आहे. पण घरात? दार लावलेलं, पाहाले कोणी नाही, गादी माही, कापूस माहा, तरी पाठ टेकवत नव्हती. टेकवाले गेलो का कानात तो पंपाचा फुस्स आवाज येई अन् मी उठून बसो. पंप सरनं एकदाच मारला होता. पुढचं काम माहं मीच करून राहिलो होतो.

दुसऱ्या वर्षी बाकी महाराष्ट्र उघडा होता तवाच आमच्याकडे, अमरावती-अकोल्याकडे, पुन्हा बंद झालं. दवाखान्यात जागा उरली नाही. सरचं हॉस्टेल रिकामंच होतं, ते कोविड सेंटरसाठी घेतलं. एक ठेकेदार माह्याकडे आला. "वीस गाद्या पाहिजेत, परवा सकाळी. जमते काय?"

जमवलं. मी अन् रुखसाना दोघंच. मी पिंजून राहिलो, ती टाके मारून राहिली. ठेकेदार मधातच येऊन पाहून गेला. जाता जाता म्हणला, "गाद्यांवर लोळू-बिळू नको बरं. कोणी पाह्यलं त माल परत येईन."

रुखसाना त्याच्याकडे पाहतच राहिली. मी म्हणलो, "नाही निजत."

वीसच्या वीस गाद्या मी तशाच देल्या.

त्याच आठवड्यात अब्बाले ताप आला. मंग दम लागाले लागला. मोठ्या दवाखान्यात जागा नव्हती, त्याच सेंटरमध्ये घेतलं. आत कोणाले जाऊ देत नव्हते. एक नर्सबाई भली होती, स्वतःच्या फोनवरून बोलणं करून देत जाय. दुसऱ्या दिवशी अब्बाचा फोन आला. घरी आमी हिंदीतच बोलतो. मले वाटलं, तब्येतीचं सांगतील. खाण्याचं सांगतील. अब्बा दम खात खात म्हणले, "गादी किसने भरी रे? कमर के नीचे गाठ है."

मी फोन कानाले दाबून धरला.

"बहू के टाके पहचानता मैं," अब्बा म्हणले. "तू सोया नहीं क्या इस पे?"

मी म्हणलो, "सोया था, अब्बा."

नुसता श्वास ऐकू येऊन राहिला होता. मंग म्हणले, "अच्छा." अन् फोन नर्सबाईजवळ देला.

ज्या माणसानं साठ वर्षं दुसऱ्याच्या गादीतल्या गाठी आपल्या पाठीनं शोधल्या, तो शेवटच्या चार दिवसात पोराच्या हातच्या गाठीवर पडून होता. मी नर्सबाईले फोन करून म्हणलो, "ताई, त्याईची गादी बदलता काय?" त्या म्हणल्या, "दादा, इथं बेड बदलून मिळत नाही, तुमी गादीचं काय घेऊन बसले!" त्याईचंही बरोबर होतं. दुसरा फोन आला तो अब्बा गेल्याचा. प्लास्टिकमध्ये गुंडाळून आणलं. तोंड पाहाले मिळालं नाही. कब्रस्तानाच्या भिंतीजवळून मी मातीचा ढीग होताना पाह्यला. अब्बा गाठीनं नाही गेले, रोगानं गेले, हे मलेही समजते. पण ते जाताना माह्या खोटेपणाले "अच्छा" म्हणून गेले.

त्यानंतर दुकानाचं शटर बरेच दिवस खालीच राहिलं. मशीनवर धूळ बसली.

मंग गाव उघडलं. क्लास सुरू झाले. पोरं पुन्हा उतरू लागली, रमेशनं ऑटो धुऊन काढला, मेसवाल्या काकूनं उधारीनं नवे गंज आणले. एक दिवस माहा फोन वाजला. सर होते. आवाजात साखर. "अहो, कसे आहात? हॉस्टेलच्या जुन्या गाद्या सगळ्या जाळल्या सेंटरवाल्यांनी. चाळीस नव्या हव्यात. म्हटलं, आपल्या माणसालाच द्यावं काम." पंपाच्या वेळी मी "तू" होतो. आता "अहो" झालो होतो. पंपाची त्याईले आठवणही नसन.

मी हो म्हणलो. खोटं कायले सांगू, काम पाहिजेच होतं. दुकानमालकानं सांगून टाकलं होतं का या महिन्यात शटर उघडलं नाही त जागा चिप्सवाल्याले देतो. चाळीस गाद्या म्हणजे दुकान वाचलं. अकोल्याहून जिनिंगचा कापूस आणला. रुखसानाच्या बोटाले सुईनं घट्टे पडले. पण गाडीत गाद्या भरताना मी तिले सांगितलं, "तिथं नेऊन निजीन. सगळ्याईवर. त्याच्यासमोर."

ती म्हणली, "दुकान जाईन."

म्हणलो, "जाईन."

तिनं दाभण अन् दोरा पिशवीत टाकला अन् पिशवी माह्या हातात देली. "गाठ निघाली त लागन," म्हणली.

हॉस्टेलच्या अंगणात सकाळी गर्दी होती. पोरं, त्याईचे आईबाप, बॅगा, बादल्या. सर इस्त्रीच्या कपड्यात सगळ्याईशी हसून बोलून राहिले होते. मी पहिली गादी अंगणात अंथरली. चपला काढल्या. निजलो. खरं सांगतो, पाठ टेकली अन् कानात फुस्स झालंच. पण उठलो नाही. या कुशीवर झालो, त्या कुशीवर झालो. गादी साफ होती. उठलो अन् दुसरी अंथरली.

सर झपाझप आले. आवाज हळू, दात मिटलेले. "काय चाललंय हे? उठा. पालक बघतायत."

"पाहू द्या सर. गाठ पाहून राहिलो."

"हे बघा, माझा वैयक्तिक काही आक्षेप नाही. मी असलं काही मानत नाही. पण लोकांना चालत नाही. तुम्हाला झोपून बघायचंय ना, मग घरी बघा, आमची ना नाही. इथे नको."

हे ऐकलं अन् डोकंच सणकलं. पंप परवडला म्हणा. पंपवाला निदान तोंडावर बोलला होता. मी निजल्या निजल्याच म्हणलो, सगळ्याईले ऐकू जाईन असं म्हणलो, "घरी लपून निजाले मी काय चोर आहो काय? या गाद्या मी भरल्या. माह्या बायकोनं टाके मारले. निजणं हे माहं काम आहे. मागच्या वर्षी तुमच्या अंगणात निजलो त तुमी माह्या तोंडावर फवारा मारला. त्यानंतर मी भेलो. न निजता गाद्या देल्या. तुमच्या याच हॉस्टेलात माहा बाप त्यातल्या एका गादीवर मेला. त्याच्या कंबरेखाली गाठ होती."

अकोल्याकडच्या एका बाईनं पदर तोंडाले लावला. एक बाप पोराचा हात धरून मागं सरकला. तो माह्यापासून सरकला का सरपासून, मले नाही माहीत.

सर लाल झाले. "नाटक करायला आलात का? संध्याकाळपर्यंत फोमच्या गाद्या मागवतो मी. उचला तुमच्या."

"मागवा," म्हणलो.

मी हात जोडले नाही. सॉरी म्हणलो नाही. गाद्या उचलाले लागलो. रमेश फाटकाजवळ ऑटो घेऊन उभा होता, तो मुकाट्यानं आत आला अन् दुसरं टोक धरलं. चाळीस गाद्या जशा आल्या तशा परत गेल्या. गाडी वळताना पाह्यलं, सर पुन्हा पालकाईशी हसून बोलून राहिले होते.

दुकान गेलं. तिथं आता चिप्सची पाकिटं लटकतात. मशीन मी घराच्या ओसरीत लावली. त्या चाळीस गाद्या विकाले मले वर्ष लागलं. सरचं हॉस्टेल फोमवर मजेत चालू आहे, त्याले काही फरक पडला नाही. पेपरात येते का अमरावती सावरली, बाजार पूर्वीसारखा झाला. झाला असन. मले त्या पूर्वीसारखं व्हाचं नाही.

आता मी गादी रस्त्यावर अंथरतो. भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यासमोर. निजतो. कोणी थांबून पाहते, कोणी तोंड वाकडं करते, कोणी दिलेली ऑर्डर तिथंच परत घेते. नाव विचारलं त खरं सांगतो, बापाच्या नावासकट. ज्याले माही पाठ चालत नाही, त्याले माही गादी भेटणार नाही. परवा एका कॉलनीतला माणूस गाडीची काच खाली करून म्हणला, "गादी पाहिजे, पण तेवढं निजायचं सोडा."

मी निजलेलाच होतो. तसाच पडून म्हणलो, "काच वर घ्या. धूळ येईन." अन् कूस बदलली.