चिरकलेला सूर

जावई जहाजावर असतो. त्याने मला एका जुन्या इटालियन ऑपेराचं रेकॉर्डिंग पाठवलं, भरल्या थिएटरात केलेलं. भाषा ओ की ठो कळत नाही, तरी महिनाभर महाडच्या घरी मी तेच ऐकतोय. लोकांचं खोकणं, खुर्च्यांची करकर, सगळं आहे त्यात. शेवटच्या अंकात नायक वरच्या सुरावर जातो आणि त्याचा आवाज चक्क चिरकतो. थिएटर चिडीचूप. तो दम घेतो, तोच सूर पुन्हा लावतो, आणि मग काय टाळ्या! माझ्या डोळ्यांत पाणीच आलं.

आणि मग डोकंच फिरलं. माझा थोरला भाऊ महाडजवळच्या आमच्या नाते या गावात भजनाचा बुवा. यंदा सप्ताहात त्याचाही आवाज असाच चिरकला, तर सगळं देऊळ खो खो हसलं! भजन मी मोबाइलवर घेऊन घरच्या ग्रुपवर टाकलं होतं. कोणा हलकटाने तेवढाच तुकडा कापून गावभर फिरवला. तेव्हापासून दादाने पेटीला हात लावलेला नाही. अरे, लाज कशी वाटत नाही? ज्याने तुमच्या बापांना टाळ धरायला शिकवलं, त्यालाच हसता? दादाने पुन्हा पेटीवर बसावं, एवढंच मला हवं होतं.

रविवारी तणतणत गावी गेलो. भजनी मंडळाला ऑपेरा ऐकवणार होतो. गाणाऱ्याला कसं ऐकतात, ते कळू दे एकदा मेल्यांना! आधी दादाला ऐकवला. डोळे मिटून तो मांडीवर ताल धरत होता. आवाज चिरकला तसा त्याचा हात थांबला.

"परत लाव." तीनदा लावायला लावलं. मग म्हणाला, "तितं कोन हसला नाय?"

"एकही नाही! आज त्या मंडळाची अशी खरडपट्टी काढतो ना, दादा..."

"ऱ्हाव दे रे."

त्याने स्वतःचा फोन काढला आणि सप्ताहातला तो तुकडा लावला. सूर चिरकला. लगेच, मोबाइलच्या अगदी जवळून, एक हसू फुटलं. देवळाचं हसणं त्याच्यामागून आलं.

पहिला हसलो होतो तो मी.

दादाने फोन बाजूला ठेवला.

"पेटी मी मंडळामुळं नाय सोडली," तो म्हणाला.